राहुटी, रस्ता आणि दोन माणसे

शनिवारी पहाटे जे. जे. उड्डाणपुलावरून उतरून भायखळ्याच्या रस्त्याला लागणाऱ्या मोटारी पाहिल्या, तर त्यांपैकी काहींच्या टपावर गुंडाळलेले तंबू बांधलेले दिसतात. पुढच्या आसनांवर दोघेजण. मागे चटया, पाण्याचे कॅन, लहानसा स्टोव्ह. मुक्काम बहुधा पवनेच्या जलाशयाकाठी किंवा भंडारदऱ्याला. वाटेत एखाद्या लहान गावात चहा, रात्री डोंगराच्या पायथ्याशी उघड्यावर झोप आणि रविवारी संध्याकाळी परत. यात नवल वाटण्यासारखे आज काहीच उरलेले नाही. तथापि एका नवऱ्याने आणि एका बायकोने, दोघांनीच, घराबाहेर पडून डोंगरवाटेने गावोगाव मुक्काम करीत जावे, ही गोष्ट मराठी समाजात कधी शक्य झाली, कोणाला शक्य झाली आणि तिची हकीकत कोणी लिहून ठेवली, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाने विचारण्यासारखा आहे. त्याचे उत्तर शोधताना भायखळा हे ठिकाण सोयीचे पडते. घाटावरून उतरलेली माणसे येथे थांबली, घाटावर जाणारी येथून पुढे गेली आणि या येण्याजाण्याचा काही भाग ग्रंथांतही उतरला.

प्रारंभ एका इंजिनापासून करू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १८५२ मध्ये, लोहमार्गाच्या बांधकामासाठी भायखळ्याच्या परिसरात एक वाफेचे इंजिन डबे ओढू लागले होते. त्याला मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड यांचे नाव दिले होते. हे गव्हर्नर जवळच परळच्या सरकारी निवासात राहत. त्यांच्या पत्नी अमेलिया, लेडी फॉकलंड, यांनी हिंदुस्थानातील आपल्या वास्तव्याच्या रोजनिशीतून निवडक भाग काढून १८५७ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे नाव 'चाऊ-चाऊ', म्हणजे फेरीवाल्याच्या टोपलीतला नाना प्रकारचा माल. ज्या गव्हर्नराच्या नावाचे इंजिन भायखळ्यात धूर सोडीत होते, तो स्वतः मात्र उन्हाळ्यात महाबळेश्वरला जुन्याच रीतीने जात होता. बंदरातून बोटीने पलीकडच्या खाडीपर्यंत, आणि तेथून पुढे पालखीने, घोड्यावरून, माणसांच्या खांद्यांवरून, वाटेत मुक्काम करीत, ही त्या काळातील साहेबलोकांची प्रवासाची रीत होती.

या रीतीची यंत्रणा समजून घेतली पाहिजे. सरकारी दौऱ्यावरील अधिकाऱ्यापाशी साधारणतः तंबूंचे दोन संच असत. एका संचात तो रात्र काढी, तेव्हा दुसरा संच बैलगाड्यांवरून किंवा उंटांवरून पुढच्या गावी रवाना झालेला असे. सकाळी साहेब निघून मजल संपवी, तो पुढे कनाती लागलेल्या, चूल पेटलेली आणि आमराईची सावली झाडून ठेवलेली. प्रवाशाला प्रत्येक गावी आपले घर आपल्याआधी येऊन उभे असल्यासारखे वाटे. हे घर उभे करणारे हात गावचे असत. पाटील-कुलकर्ण्यांनी शिधा जमवावा, महारांनी लाकूडफाटा आणावा व ओझी वाहावीत, रामोशाने रात्रभर पहारा करावा, अशी वाटणी ठरलेली होती. निसर्गवर्णनाच्या ग्रंथांत हे हात क्वचितच दिसतात.

लेडी फॉकलंड डोळस लेखिका होत्या. त्यांना माणसे, झाडे, पाखरे यांविषयी कुतूहल होते, आणि गव्हर्नराच्या पत्नीने ठेवावयाचा आब त्यांच्या लेखणीला फारसा जाचला नाही. परंतु ज्या डोंगरांतून हे जोडपे जात होते, त्यांचा राजकीय इतिहास त्याच वर्षांत पालटत होता. महाबळेश्वरचे हवा खाण्याचे ठिकाण मुळात सातारच्या राज्यातले. १८२८-२९ च्या सुमारास माल्कमच्या कारकिर्दीत खंडाळा गावाच्या मोबदल्यात ते इंग्रजांनी घेतले होते. १८४८ मध्ये सातारचे छत्रपती शहाजी ऊर्फ अप्पासाहेब निवर्तले. त्यांनी घेतलेला दत्तक मानावा, असे मुंबईचे मावळते गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचे मत होते. नव्याने आलेल्या लॉर्ड फॉकलंड यांनी मात्र राज्य खालसा करण्याच्या बाजूने कौल दिला, आणि डलहौसीने ते खालसा केले. दरीतील धुके पाहत थांबलेल्या जोडप्यापैकी एकाने त्या दरीच्या मालकीचा निकाल नुकताच दिला होता. प्रवासवर्णन वाचताना हे ध्यानात ठेवले, म्हणजे 'रम्य' हा शब्द आपण जरा जपून वापरू लागतो.

यानंतर सुमारे तीस वर्षांनी त्याच सातारा जिल्ह्यातून एक मराठी जोडपे राहुट्या घेऊन हिंडू लागले. महादेव गोविंद रानडे आणि रमाबाई रानडे यांचे हे दौरे मराठी वाचकाला 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकामुळे परिचित आहेत. त्यांना सहल म्हणणे चूक होईल. १८७५ मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. १२ मे रोजी सुप्याच्या बाजारात त्याला तोंड फुटले आणि जागोजागी कर्जरोख्यांच्या होळ्या झाल्या. चौकशी समिती बसली आणि १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांत तो लागू झाला. रोख्यावरील आकडा प्रमाण न मानता व्यवहाराच्या मुळाशी जाऊन हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात धाडणे बंद झाले. गावपातळीवर मुन्सफ आणि तडजोड करणारे पंच नेमण्यात आले. या साऱ्या कामावर देखरेख ठेवण्यासाठी विशेष न्यायाधीशाची योजना होती. रानडे १८८१ नंतर आधी या न्यायाधीशाचे साहाय्यक होते, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात ते स्वतः त्या जागी आले. १८९३ मध्ये काशिनाथ त्रिंबक तेलंगांच्या निधनानंतर उच्च न्यायालयावर नेमणूक होऊन ते मुंबईस जाईपर्यंत हे काम चालले. तालुक्यातालुक्याची दप्तरे जागेवर जाऊन तपासावयाची, तेव्हा पाऊस सरला की दौरा ठरलेलाच.

त्या वेळच्या लोहमार्गांचा नकाशा डोळ्यांपुढे आणला, तर हे दौरे बैलगाडीचे का होते ते उमगते. बोरघाटातून गाडी १८६३ मध्ये जाऊ लागली आणि मुंबई-पुणे सलग झाले. सोलापूर त्याआधीच लोहमार्गावर आले होते. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्गामुळे नगरही जोडले गेले. सातारा जिल्ह्याला मात्र १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत आगगाडी नव्हती. पुण्याहून सातारकडे जायचे, तर कात्रज आणि खंबाटकी हे घाट गाडीवाटेने चढावे आणि उतरावे लागत. वाई, कराड, पाटण ही गावे बैलांच्या चालीने येत. पुणे जिल्ह्यातही जुन्नर किंवा सासवडला पोचण्याची दुसरी तऱ्हा नव्हती. डोंगर, नदीचा उतार, गावाबाहेरची आमराई, तालुक्याची कचेरी, पुन्हा डोंगर, हे त्या प्रवासाचे चक्र होते.

या प्रवासाचे मोल कळण्यासाठी पुण्यातील घर आठवावे लागते. डिसेंबर १८७३ मध्ये रमाबाईंचे लग्न झाले, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या आणि रानडे एकतीस वर्षांचे होते. प्रथम पत्नीच्या निधनानंतर विधवेशी विवाह करावा अशी ज्यांच्याकडून सुधारकांची अपेक्षा होती, त्या रानड्यांना वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून हा विवाह करावा लागला. लग्नानंतर त्यांनी पत्नीला शिकवायला आरंभ केला. ते शिक्षण घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना मानवले नाही. टोमणे, अबोला, कामाचा भार, कधी उघड संताप, या सर्वांतून अक्षरे गिरवावी लागली. त्या काळच्या एकत्र कुटुंबात दिवसाउजेडी नवऱ्याशी चार शब्द बोलणे हाच मुळी अमर्याद मानला जाणारा प्रकार होता. घर मोठे असले, तरी नवराबायकोसाठी त्यात जागा नव्हती. रात्रीच्या काही घटकांपलीकडे 'आम्ही दोघे' असे म्हणता येईल असा काळही नव्हता. नाशिक व धुळे येथील बदल्यांनी हे बंधन थोडे सैल केले. दौऱ्यांनी ते आणखी सैल केले.

येथे या लेखाचे मुख्य म्हणणे मांडतो. मराठी मध्यमवर्गात सहचारी दांपत्य ही जी कल्पना पुढे कादंबऱ्यांतून, नाटकांतून आणि स्त्रीशिक्षणाच्या भाषणांतून रुजली, तिचा प्रत्यक्ष अनुभव वाड्याच्या आत नव्हे, तर वाड्याबाहेर, रस्त्यावर आणि मुक्कामावर प्रथम आला. राहुटी हे दोघांचे पहिले घर होते. तिला माजघर नव्हते, म्हणून माजघराचे कायदेही नव्हते. गाडी चालू असताना वाचावे, मुक्कामी वर्तमानपत्र वाचून दाखवावे, भेटीला आलेल्या माणसांविषयी बोलावे, चुकले तर लाजावे आणि पुन्हा विचारावे, हे सारे तेथे करता येत होते. रानड्यांचे डोळे अधू असल्यामुळे वाचून दाखवण्याचे काम पत्नीकडे आले, आणि पतीच्या या गरजेने तिच्या शिक्षणाला एक नित्याचे निमित्त मिळाले. सुधारणेचा इतिहास आपण सभा, समाज आणि ठराव यांच्या अंगाने लिहितो. त्यात डोळ्यांचे दुखणे आणि बैलगाडीचा संथ वेग यांनाही एक ओळ द्यावयास हवी.

१८८६ मध्ये सरकारच्या फायनान्स कमिटीवर रानड्यांची नेमणूक झाली आणि हा प्रवास इलाख्याबाहेर गेला. सिमला, कलकत्ता येथे रमाबाई त्यांच्यासमवेत होत्या. कलकत्त्यात दोघेही बंगाली शिकू लागली. हजामत करावयास आलेल्या न्हाव्यालाच रानडे अक्षरे आणि शब्द विचारीत होते, हा त्यांनी सांगितलेला प्रसंग प्रसिद्ध आहे. त्यातील विनोद रमाबाईंनी लपवलेला नाही. पाठ्यपुस्तकातील न्यायमूर्तींना अर्ध्या साबणाच्या तोंडाने धडा घेताना पाहणे, हे केवळ सहप्रवासी पत्नीलाच शक्य होते. जो नवरा घरी गुरू होता, तो परमुलखात शेजारच्या पाटावर बसलेला विद्यार्थी झाला. प्रवासाने दोघांतले अंतर वीस वर्षांवरून थोडे खाली आणले, ते असे.

तरीही हे अंतर पुसले गेले असे म्हणता येत नाही, आणि याची साक्ष पुस्तकाची भाषाच देते. रमाबाई संपूर्ण पुस्तकात पतीचे नाव घेत नाहीत. त्यांचा उल्लेख त्या 'स्वतः' या शब्दाने करतात. कॅथरीन गेट्स यांनी १९३८ मध्ये केलेल्या इंग्रजी भाषांतराचे शीर्षकही या शब्दावरूनच ठरले. मराठीत 'स्वतः' हे आत्मवाचक सर्वनाम. बोलणाऱ्याने ते आपल्याकडे वळवावयाचे. येथे लिहिणारी स्त्री आपल्या आयुष्याची आठवण सांगते, आणि तिच्या वाक्यातले 'स्वतः' दुसऱ्याच कोणाचे असते. पुस्तकाच्या नावात मात्र 'आमच्या' आहे. 'स्वतः' आणि 'आमच्या' या दोन सर्वनामांच्या मध्ये कोठेतरी 'मी' चाचपडत उभी राहते. ही 'मी' ज्या पानांवर जास्त मोकळी वाटते, ती प्रवासाची पाने आहेत, असे वाचताना जाणवते.

आता राहुटीच्या बाहेर येऊ. आत दोघांचे घर उभे राहत होते तेव्हा कनातीपलीकडे कोण होते? एक म्हणजे तो शेतकरी, ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप होता. रानड्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या निष्कर्षांविषयी त्याच काळात कडवट वाद झाला. दौऱ्यांच्या याच वर्षांत जोतीराव फुले 'शेतकऱ्याचा असूड' लिहीत होते. १८८३ मध्ये तो ग्रंथ पुरा झाला. साहेबांचा आराम, त्यांचे भट कामगारांवर विसंबणे आणि त्यापायी शेतकऱ्याची होणारी नागवण, हा त्याचा एक मुख्य विषय आहे. आणि १८८५ मध्ये 'इशारा' या पुस्तिकेत फुल्यांनी थेट रानड्यांच्याच विधानांचा समाचार घेतला. शेतकऱ्यांची स्थिती पूर्वीपेक्षा सुधारली आहे, असे रानडे बोलले होते. ते फुल्यांना मान्य नव्हते. दोघेही पुण्याचे, दोघांनीही याच मुलखाचा विचार केलेला. एकाने तो दप्तरांतून आणि मुक्कामावरून पाहिला. दुसऱ्याने तो शेतकऱ्याच्या झोपडीच्या दारातून पाहिला. तंबूच्या दारातून दिसणारा डोंगर आणि झोपडीच्या दारातून दिसणारा डोंगर एकच असला, तरी त्याचा सारा वेगळा भरावा लागतो.

दुसरे म्हणजे राहुटी ठोकणारे. महारवतनाखाली जी सरकारी कामे करावी लागत, त्यांत ओझी वाहणे आणि साहेबाच्या तळाची सरबराई हे नेहमीचे होते. हे काम म्हणजे एका कुटुंबावर पिढ्यानपिढ्या लादलेला, दिवसरात्रीचा धरबंध नसलेला आणि नाममात्र मोबदल्याचा हुकूम होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या बंधनावर घाव घालण्यासाठी. ही वतने प्रत्यक्ष रद्द होण्यास स्वातंत्र्यानंतरही दशकभर जावे लागले. म्हणजे ज्या काळात राहुटीने एका स्त्रीला माजघरातून सोडवले, त्याच काळात त्या राहुटीच्या खुंट्या दुसऱ्या एका माणसाला गावाशी जखडत होत्या. ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत. यांपैकी एकच वाक्य सांगून थांबणारा साहित्येतिहास अपुरा ठरतो.

राहुटी नसलेल्या जोडप्याचे काय होते, हे पाहण्यासाठी 'स्मृतिचित्रे' उघडावी लागतात. लक्ष्मीबाई आणि नारायण वामन टिळक यांचा संसार हाही एक अखंड प्रवास आहे. नागपूर, राजनांदगाव, नगर, राहुरी, सातारा अशी मुक्कामांची यादी करता येते. पण त्या प्रवासाला ना सरकारी हुकूम, ना शिध्याची सोय. टिळकांच्या मनात आले की निघायचे, कधी बायकोला घेऊन, कधी तिला न सांगताच. नागपूर-राजनांदगावच्या आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने टिळकांना नवा करार दिला, आणि त्या भेटीने दोघांच्या आयुष्याची वाट बदलली. फेब्रुवारी १८९५ मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे सुमारे पाच वर्षे नवराबायकोची ताटातूट होती. मग लक्ष्मीबाई परत आल्या, आपल्या बुद्धीने विचार करून ख्रिस्ती झाल्या, आणि प्रवास पुन्हा दोघांचा झाला. रानड्यांच्या संसारात प्रवासाने दोघांना जवळ आणले. टिळकांच्या संसारात प्रवासाने आधी तोडले आणि मग नव्याने जोडले.

भाषेतला फरक येथेही पाहण्यासारखा आहे. १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रां'त लक्ष्मीबाई नवऱ्याला सरळ 'टिळक' म्हणतात. 'स्वतः'पासून 'टिळकां'पर्यंतचे हे अंतर अवघ्या पंचवीस वर्षांचे आहे. ज्या स्त्रीने नवऱ्याच्या हाती हात देऊनच नव्हे, तर त्याच्या पाठीमागे, त्याच्याविना आणि कधी त्याच्याविरुद्धही वाट चालून पाहिली, तिलाच नवऱ्याकडे असे बाजूने, हसून पाहता येते. टिळकांचा शेवटचा मुक्काम भायखळ्यात पडला. ९ मे १९१९ रोजी जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले. आज ज्या उड्डाणपुलाला त्या रुग्णालयाचे नाव आहे, त्यावरूनच मोटारी तंबू घेऊन जातात.

या तीनही ग्रंथांत एक साम्य आहे. प्रवास निघतो नवऱ्याच्या कामासाठी, नेमणुकीसाठी किंवा लहरीसाठी. वृत्तान्त मात्र बायकोचा असतो. लॉर्ड फॉकलंड यांचे खलिते, रानड्यांचे अहवाल, टिळकांच्या कविता हे सारे आहेच; परंतु वाट कशी होती, रात्र कशी गेली, दोघे कशावरून भांडले आणि कशावरून हसले, हे त्या तिघींमुळे उरले. सहप्रवासाचे साहित्य स्त्रियांनी लिहिले याचे कारण त्यांचा निसर्गतः हळवा स्वभाव, असे समजणे बालिश होईल. पुरुषाला मुक्कामावर काम होते. स्त्रीला मुक्काम हेच काम होते. जो ज्या कामात असतो त्याला त्याचे तपशील कळतात.

आता चौथे जोडपे. ते याच जुन्या सातारा जिल्ह्यातले, वाळवा तालुक्यातील वाटेगावचे. भाऊराव आणि वालूबाई साठे यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी गाव सोडले आणि मुलांना घेऊन ती दोघे मुंबईकडे पायी निघाली. मिळेल तेथे काम करावे, मिळेल ते खावे, रात्र पडेल तेथे पाठ टेकावी. डोंगर तेच होते, लहान गावेही तीच. सातारा जिल्ह्यात आगगाडी येऊन चाळीसएक वर्षे झाली होती. पण गाडी असणे आणि गाडीचे भाडे असणे यांत फरक आहे. या पायी प्रवासाचा शेवट भायखळ्यात, चांदबीबी चाळीत झाला. बरोबरच्या मुलांपैकी एकजण पुढे अण्णा भाऊ साठे म्हणून मराठी साहित्यात उभा राहिला.

मांग समाजातील कुटुंबाला रस्ता म्हणजे काय होता, हे 'फकिरा' वाचणाऱ्याला सांगावे लागत नाही. १९५९ च्या त्या कादंबरीत गुन्हेगार ठरवलेल्या जातीच्या माणसांची सरकारी हजेरी आहे. गावाबाहेर पाऊल टाकणे हाच जेथे गुन्ह्याचा संशय ठरतो, तेथे उघड्यावर काढलेल्या रात्रीला रम्य कसे म्हणावे? याच गोष्टीसाठी मराठीत किती शब्द आहेत ते पाहा. राजाचा तो डेरा किंवा शामियाना, साहेबाचा तंबू, अव्वल कारकुनाची राहुटी आणि भटक्यांचे ते पाल. कापड उभे करून त्याखाली रात्र काढण्याची क्रिया एकच. शब्द मात्र खाली कोण झोपले आहे ते पाहून बदलतो. साठे कुटुंबापाशी तर पालही नव्हते.

भायखळ्याच्या आणि परळ-लालबागच्या चाळींत घाटावरून आणि कोकणातून आलेली जी हजारो माणसे राहिली, त्यांच्यासाठी रस्त्याने आणखी एक गोष्ट केली: त्याने नवराबायकोला वेगळे केले. गिरणीत काम करणारा पुरुष येथे दहाजणांच्या खोलीत पथारी टाकून आणि खानावळीत जेवून दिवस काढी. बायको गावी शेत, सासू आणि मुले सांभाळी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत पुरुषांच्या मानाने स्त्रिया निम्म्याच्या आसपास होत्या, ही गोष्ट जनगणनेत नोंदली आहे. रानडे दांपत्याला ज्या वाटेने सहवास दिला, तीच वाट कामगाराला विरह देऊन गेली. अण्णा भाऊंच्या 'माझी मैना गावावर राहिली' या प्रसिद्ध छकडीला संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे संदर्भ जोडले गेले ते योग्यच. पण तिचा पाया हा घाटाच्या दोन बाजूंना विभागलेला संसार आहे. घाटावरच्या त्याच गावांत राहिलेल्या स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्यांतही मुंबई येते, ती नवऱ्याला गिळणारी नगरी म्हणून. तो एका अर्थाने सहप्रवास न झालेल्या जोडप्यांचा ग्रंथच आहे. फक्त त्याला मुखपृष्ठ नाही.

भाऊराव आणि वालूबाई मात्र एकत्र चालली. म्हणूनच त्यांचा प्रवास या मालिकेत हवा. परंतु वालूबाईंनी त्याची आठवण लिहिली नाही. लिहिता येणे हीच जेथे पिढ्यानपिढ्या मनाई होती, तेथे दुसरे काही घडणे शक्य नव्हते. अण्णा भाऊंनी पुढे 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला आणि त्यात दूरचा देश पाहिला. आईवडिलांबरोबर लहानपणी तुडवलेली वाट आपल्यापर्यंत येते ती चरित्रकारांनी लिहिलेल्या परिच्छेदांतून. त्या रस्त्यावर रात्री दोघे काय बोलत होती, मुले झोपल्यावर कोणी आधी पाणी प्यायले, मुंबई दिसली तेव्हा कोण थबकले, हे रमाबाई किंवा लक्ष्मीबाई यांच्यासारखे सांगणारे तेथे कोणी नव्हते.

आपल्या अभ्यासक्रमांत 'प्रवासवर्णन' हा एक वाङ्मयप्रकार असतो आणि 'आत्मचरित्र' हा दुसरा. 'दलित साहित्य' याचा तिसरा कप्पा असतो. रमाबाई एका कप्प्यात जातात, अण्णा भाऊ दुसऱ्यात, आणि कात्रजचा घाट कोणत्याच कप्प्यात बसत नाही. हे ग्रंथ रस्त्याच्या अंगाने शेजारी ठेवून वाचले, तर वर्गातील विद्यार्थ्याला एक साधा प्रश्न विचारता येईल: या वाटेवर कोण बसून गेले, कोण चालत गेले, आणि कोणाच्या खांद्यावर कोण होते? ज्यांनी लिहिले त्यांचे मोल या प्रश्नाने कमी होत नाही. उलट रमाबाईंनी किती अवघड जागेवरून लिहिले, तेही त्यामुळे अधिक स्पष्ट दिसते.

भायखळ्याची स्थानकाची इमारत १८५७ मधली. 'चाऊ-चाऊ' प्रसिद्ध झाला तेच हे वर्ष. अलीकडे तिची निगुतीने डागडुजी झाली आणि २०२२ मध्ये तिला युनेस्कोचा वारसा-पुरस्कार मिळाला. लाकडी छत, जुन्या कमानी, जिने सारे नीट जपले आहे. त्या इमारतीपासून चालत थोड्या अंतरावर, ज्या गल्ल्यांत वाटेगावहून आलेले ते जोडपे आपले बोचके उतरवून बसले, तेथेही शनिवारी पहाटे त्याच मोटारींचे दिवे पडतात. त्यांतील एखाद्या जोडप्याचे आजोबा-आजी घाट उतरून चालत आले असतील, हे सहज शक्य आहे. त्यांना विचारणारे कोणी घरात असेल, तर अजून विचारून घ्यावे.